उन्हाळी, जळजळ आणि एक अवघड प्रश्न : लघवीच्या संसर्गाच्या प्रश्नावलीची गोष्ट

‘उन्हाळी लागणे’ हा शब्द मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लघवी कढत होते, जळजळते, थेंबथेंब होते, आत्ताच जाऊन आलो तरी पुन्हा लागते. आजी धन्या-जिऱ्याचे पाणी देते, कोणी सब्जा भिजवते, कोणी वाळ्याचे पाणी पाजते. दोन दिवसांत बरे वाटले तर विषय संपतो. नाही वाटले तर बाई दवाखान्यात येते, लघवीची तपासणी होते आणि मग कधीकधी एक विचित्र पेच उभा राहतो. रिपोर्टमध्ये लिहिलेले असते, ‘जंतुसंसर्ग आढळला नाही’, आणि बाई म्हणते, ‘पण मला जळतंय.’

खरे कोणाचे मानायचे? कागदाचे की बाईचे?

गेली सत्तर वर्षे वैद्यकशास्त्र या प्रश्नाभोवती फिरते आहे. त्याचे उत्तर शोधताना डॉक्टरांनी शेवटी बाईच्या तक्रारीचीच मोजपट्टी बनवली. तिला म्हणतात लक्षण-प्रश्नावली. ती कशी घडली, तिची परीक्षा कशी घेतात आणि आपल्याकडे तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारणेच सर्वांत अवघड का आहे, हे या लेखात पाहू.

जुन्या वैद्यांची यादी

जंतू दिसायला लागले ते एकोणिसाव्या शतकात. लघवीच्या बहुतांश संसर्गांना कारणीभूत असणारा ई. कोलाय हा जंतू थिओडोर एशरिश या डॉक्टरांनी १८८५ साली वर्णन केला. त्याआधी वैद्याजवळ होते ते फक्त रुग्णाचे सांगणे आणि भांड्यातल्या लघवीचा रंग.

तरीही निरीक्षण बारीक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘मूत्रकृच्छ्र’ म्हणजे कष्टाने लघवी होणे या आजाराचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या पित्तज प्रकाराचे वर्णन असे : लघवी पिवळी, रक्त मिसळलेली, वेदना आणि दाह करणारी, कष्टाने आणि पुन्हा पुन्हा होणारी. आज आम्ही मूत्राशयाच्या संसर्गाबद्दल विचारतो ते प्रश्न यापेक्षा फार वेगळे नाहीत. जळजळ, वारंवारिता, वेदना, रक्त हे चारही त्यात आहेत.

म्हणजे लक्षणांची यादी जुनीच आहे. पण यादीतल्या कोणत्या लक्षणावर किती भरवसा ठेवायचा, हे कोणी मोजून पाहिले नव्हते.

एक लाखाचा आकडा

विसाव्या शतकात प्रयोगशाळेत लघवीतले जंतू वाढवून मोजता येऊ लागले (यालाच आपण ‘कल्चर’ म्हणतो) आणि नवी अडचण आली. लघवी बाहेर येताना त्वचेवरचे जंतू तिच्यात मिसळतात. मग बाटलीत सापडलेले जंतू मूत्राशयातले की बाहेरचे?

बॉस्टनचे डॉ. एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर एक सीमारेषा सुचवली. एक मिलिलिटर लघवीत एक लाख किंवा अधिक जंतू असतील तर तो खरा जंतुप्रादुर्भाव, कमी असतील तर बहुधा बाहेरची भेसळ. त्यांचा अभ्यास मुख्यतः दोन टोकांच्या रुग्णांचा होता : मूत्रपिंडाला संसर्ग होऊन ताप आलेले, आणि काहीच तक्रार नसताना लघवीत जंतू असलेले. त्या कामासाठी हा आकडा उत्तम होता. गरोदर स्त्रियांमध्ये तक्रार नसतानाही असे जंतू शोधून उपचार केले तर मूत्रपिंडाचा संसर्ग टळतो, हे त्यातूनच पुढे आले आणि आजही आपण ते पाळतो.

पण सोयीचा आकडा मिळाला की तो सगळीकडे वापरला जातो. मधल्या गटातली बाई, जिला ताप नाही पण जळजळ आहे, तिलाही हाच एक लाखाचा नियम लागला. ज्यांचे कल्चर या रेषेखाली राहिले त्यांना ‘युरेथ्रल सिंड्रोम’ असे नाव मिळाले. त्याचा साधा अर्थ : त्रास आहे, पण संसर्ग सापडत नाही. अनेकींना त्याचा आणखी एक अर्थ ऐकावा लागला. ‘तुमच्या मनाचा खेळ आहे.’

रेषा चुकीच्या जागी होती

१९८२ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात डॉ. वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी ही गाठ सोडवली. जळजळ होणाऱ्या स्त्रियांची लघवी त्यांनी थेट मूत्राशयातून, सुईने किंवा नळीने घेतली, म्हणजे बाहेरच्या भेसळीचा प्रश्नच नाही. मग तिची तुलना नेहमीच्या पद्धतीने बाटलीत दिलेल्या लघवीशी केली. ज्यांच्या मूत्राशयात खरोखर ई. कोलायसारखे जंतू होते, त्यांच्यापैकी एक लाखाच्या नियमाने फक्त ५१ टक्के ओळखल्या गेल्या. म्हणजे जवळपास निम्म्या बायकांना ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवले गेले असते. तक्रार असलेल्या बाईसाठी रेषा एक लाखाऐवजी शंभरावर आणली तर बहुतेक सगळ्या सापडत होत्या.

पुढे २०१७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी जंतूंचा डीएनए शोधणारी अधिक नाजूक चाचणी वापरली. लघवीची लक्षणे असलेल्या २२० स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्क्यांचे नेहमीचे कल्चर पॉझिटिव्ह होते, पण नव्या चाचणीत ९५ टक्क्यांहून अधिक जणींमध्ये ई. कोलाय सापडला. कल्चर निगेटिव्ह आलेल्या बहुतेकजणीसुद्धा खरेच सांगत होत्या.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. काहीच त्रास नसताना, विशेषतः उतारवयात, रिपोर्टमध्ये जंतू दिसले तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया अशी काही कारणे वगळता प्रतिजैविकांची गरज नसते. म्हणजे दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो. रिपोर्टचा अर्थ लावायला बाईची तक्रार लागतेच.

तक्रारीचीच मोजपट्टी

तक्रार इतकी महत्त्वाची असेल, तर ती नीट मोजायला नको का? २००२ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात डॉ. स्टीफन बेंट आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. लघवीची एखादी तक्रार घेऊन आलेल्या बाईला संसर्ग असण्याची शक्यता साधारण निम्मी असते. पण जळजळ आहे, लघवी वारंवार लागते आहे, आणि योनीतून स्राव किंवा तिथे खाज-आग नाही, असे तीन धागे जुळले की ही शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. तीन प्रश्न, तेही फुकट.

तिसरा प्रश्न लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

यानंतर पूर्ण प्रश्नावल्या आल्या. त्यातली बरीच वापरली जाणारी एक आहे ‘अक्यूट सिस्टायटिस सिम्प्टम स्कोअर’, म्हणजे मूत्राशयाच्या ताज्या संसर्गाची गुणपत्रिका. ती लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये जन्मली नाही. उझबेकिस्तानचे मूत्ररोगतज्ज्ञ जाखोंगीर अलिजानोव आणि सहकाऱ्यांनी ती उझबेक आणि रशियन भाषांत तयार केली, २०१४ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली, आणि जर्मन, इंग्रजी वगैरे भाषांत ती नंतर गेली. तिच्यात अठरा प्रश्न आहेत. वारंवारिता, घाई, जळजळ, पूर्ण मोकळे न झाल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे आणि लघवीत रक्त ही सहा नेहमीची लक्षणे. कुशीत दुखणे, योनीतून स्राव, मूत्रमार्गातून स्राव आणि ताप हे चार प्रश्न दुसरा आजार तर नाही ना हे पाहण्यासाठी. तीन प्रश्न रोजच्या कामावर होणाऱ्या परिणामाचे, आणि पाच प्रश्न पाळी, गरोदरपण, पाळी जाणे, मधुमेह अशा परिस्थितीचे. लक्षणांना शून्य ते तीन गुण द्यायचे. पहिल्या सहांची बेरीज सहा किंवा अधिक झाली तर संसर्गाची शक्यता मोठी.

प्रश्नावलीची परीक्षा कशी घेतात?

थर्मामीटर बाजारात येण्याआधी तो बरोबर तापमान दाखवतो का, हे तपासावे लागते. प्रश्नावलीचेही तसेच आहे. या तपासणीला ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. तिच्या मुख्य कसोट्या चार.

पहिली, शब्द कळतात का? प्रश्नाचे भाषांतर करायचे, मग दुसऱ्या कोणाकडून ते मूळ भाषेत उलटे करून घ्यायचे आणि अर्थ टिकला का पाहायचे. त्यानंतर खऱ्या रुग्ण स्त्रियांसमोर बसून विचारायचे, ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?’

दुसरी, उत्तरे एकमेकांशी जुळतात का? एकाच आजाराबद्दलचे सहा प्रश्न साधारण एकाच दिशेने बोलायला हवेत. हे मोजण्याचे सूत्र ली क्रॉनबाख या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली दिले.

तिसरी, आजारी आणि निरोगी यांना वेगळे करता येते का? समजा संसर्ग असलेल्या १०० स्त्रियांपैकी प्रश्नावलीने ९० ओळखल्या, तर तिची पकड ९० टक्के. संसर्ग नसलेल्या १०० पैकी ८५ जणींना तिने बरोबर ‘नाही’ म्हटले, तर तिची निवड ८५ टक्के. तपासणी पारखण्याची ही दुहेरी पद्धत जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ साली छातीच्या एक्स-रेच्या संदर्भात मांडली. इथे एक मेख आहे. ‘खरा संसर्ग’ ठरवायला एक लाखाचा जुना नियम वापरला, तर वजनकाटाच चुकीचा असल्यामुळे चांगली प्रश्नावलीही नापास होईल.

चौथी, बरे वाटले की गुण उतरतात का? औषधानंतर बाई बरी झाली आणि गुण तितकेच राहिले, तर ती मोजपट्टी उपयोगाची नाही.

गडचिरोली आणि गोवा : विचारले तर बायका बोलतात

आता आपल्याकडे येऊ. स्त्रियांच्या तक्रारी मोजून पाहण्याच्या जगाच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक ठळक पान आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार होता, आणि निम्मा भार संसर्गांचा होता. तक्रार मात्र ५५ टक्क्यांनीच सांगितली होती. याआधी कधी तपासणी झाली होती अशा स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

हा अभ्यास लघवीच्या संसर्गाचा नव्हता. पण त्यातून दोन गोष्टी कळल्या, ज्या कोणत्याही प्रश्नावलीला लागू पडतात. आजार असूनही बाई गप्प असू शकते. आणि तिला बोलते करायचे तर तिचे शब्द माहीत हवेत. गडचिरोलीत योनीतून जाणाऱ्या पांढऱ्या स्रावाला बायका ‘पांढरा पदर’ म्हणतात. डॉक्टरांच्या पुस्तकात हा शब्द नाही, पण तो वापरला की समोरची बाई मान हलवते.

नंतर गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००५ पासून प्रसिद्ध होत गेला. तिथे उलटी बाजू दिसली. स्रावाची तक्रार करणाऱ्या अनेकींना तपासणीत संसर्ग नव्हता. त्या तक्रारीचे नाते संसर्गापेक्षा मानसिक ताण आणि थकव्याशी अधिक घट्ट होते. म्हणजे तक्रार खोटी नव्हती, पण ती दुसऱ्याच दुखण्याबद्दल सांगत होती. अशा बाईला प्रतिजैविकांच्या गोळ्या देऊन काय मिळणार?

स्राव हे एकच लक्षण एका बाईच्या तोंडून निघत नाही आणि दुसरीच्या तोंडून वेगळेच काही सांगते. लघवीच्या प्रश्नावलीतला निर्णायक प्रश्न नेमका तोच आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर

आपल्या उपनगरांत ही प्रश्नावली वापरायची तर नुसते भाषांतर पुरत नाही. काही उदाहरणे पाहा.

‘दिवसातून किती वेळा लघवीला जाता?’ हा प्रश्न साधा वाटतो. बोरिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला तो विचारून पाहा. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते, स्टेशनवरच्यात जाववत नाही, बाजारात भाजी विकणारीला जवळपास जागाच नसते. या बायका सकाळी निघताना पाणी पीत नाहीत आणि दिवसभर आवरून धरतात. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली ती यासाठीच. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे मोजावे लागतात, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. चेंबूरच्या ‘कोरो’ संस्थेच्या कार्यकर्त्या त्यात पुढे होत्या. त्यातल्या मुमताज शेख यांचे नाव २०१५ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आले.

अशी बाई मूत्राशय सुजलेले असतानाही सांगेल, ‘दोनदाच जाते.’ गुण शून्य! म्हणून प्रश्न बदलावा लागतो : ‘किती वेळा जाता’ याऐवजी ‘किती वेळा लागते?’

दुसरे उदाहरण जळजळीचे. मूत्राशयाच्या संसर्गात लघवी होताना आत जळते. योनीमार्गाचा दाह असेल तर लघवी बाहेर त्वचेला लागल्यावर झोंबते. मराठीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. ‘आत जळतं की बाहेर झोंबतं?’ असे विचारले की बहुतेकजणी थोडा विचार करून नेमके उत्तर देतात. ‘जळजळ आहे का?’ एवढेच विचारले तर दोघीही ‘हो’ म्हणतील.

‘उन्हाळी’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. त्यात कारण आधीच धरलेले आहे : ऊन, उष्णता. उन्हात फिरून पाणी कमी पडले की लघवी गडद होते आणि थोडी जळजळतेही, ती पाणी प्यायल्यावर थांबते. संसर्गही याच शब्दाखाली येतो. म्हणून ‘उन्हाळी लागली का?’ हा ओळख काढायचा प्रश्न चांगला, पण गुण देण्याचा प्रश्न नव्हे.

आणि आता तो तिसरा प्रश्न. शहरातल्या बायका ‘अंगावरून जातं’ म्हणतात. पण पांढरे जाते तेही अंगावरूनच आणि लाल जाते तेही. रंग विचारावाच लागतो. घाटकोपर-मुलुंडमध्ये बाई गुजराती बोलणारी असते, अंधेरीत हिंदी, आणि मग ‘सफेद पानी’ हा शब्द कामी येतो. खरी अडचण मात्र शब्दाची नाही. छोट्या दवाखान्यात पडद्यापलीकडे चार माणसे बसलेली असतात. सोबत सासू असते, नवरा असतो, कधी वाढत्या वयाचा मुलगा असतो. समोर पुरुष डॉक्टर असतो. अशा वेळी ‘पांढरं जातं का?’ याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असेच येते.

बेंट यांचा नियम या ‘नाही’वर उभा आहे. ते खरे ‘नाही’ असेल तर ९० टक्के खात्री. लाजेचे असेल तर बाईला मूत्राशयाच्या संसर्गाचे औषध जाते आणि योनीमार्गाचा आजार तसाच राहतो. आठवड्याने ती परत येते, मग आणखी जोराची गोळी. अशाच चुकीच्या आणि अर्धवट गोळ्यांमुळे ई. कोलाय अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासा झाला आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात द्यावा, उत्तर खुणेने द्यायला सांगावे, वाचता न येणाऱ्या बाईला परिचारिकेने बाजूला नेऊन विचारावे. ज्या परिस्थितीत प्रश्न विचारला जाणार, त्याच परिस्थितीत त्याची परीक्षा झाली पाहिजे. एकांतात पास झालेली प्रश्नावली गर्दीच्या दवाखान्यात नापास होऊ शकते.

तुमच्यासाठी

प्रश्नावली घरी बसून निदान करण्यासाठी नाही, पण तिच्यातले प्रश्न दवाखान्यात जाण्याआधी मनाशी तयार ठेवा :

• लघवी होताना आत जळतं की बाहेर झोंबतं?
• नेहमीपेक्षा जास्त वेळा लागते का? घाईने लागते का? रात्री उठावे लागते का?
• ओटीपोटात दुखतं का? लघवीत रक्त दिसलं का?
• अंगावरून पांढरं जातं का? वास, खाज, रंग? हे विनासंकोच सांगा. सोबतच्या माणसांना बाहेर थांबवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.
• पाळी चुकली आहे का? मधुमेह आहे का? गेल्या काही महिन्यांत असाच त्रास झाला होता का, कोणती गोळी घेतली होती?

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या, गरोदरपण यांपैकी काही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पुरुषांना आणि लहान मुलांना हा त्रास झाला तर त्याची तपासणी वेगळी असते, हा लेख त्यांच्यासाठी नाही. कल्चर सांगितले असेल तर पहिली धार सोडून मधली लघवी बाटलीत घ्या, आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी द्या. शेजारणीची किंवा मागच्या वेळची उरलेली गोळी घेऊ नका.

पाणी पिण्याचा सल्ला मात्र आजीचा बरोबर ठरला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांच्या एका चाचणीत (ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली) रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. अर्थात, प्यायलेल्या पाण्यासाठी वाटेत स्वच्छतागृह हवे. ते काम डॉक्टरांच्या चिठ्ठीने होणारे नाही, महापालिकेकडे मागावे लागेल.

आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तरीही जळजळ थांबली नसेल, तर पुन्हा जा आणि पुन्हा सांगा. तुमचे सांगणे हीसुद्धा एक तपासणी आहे.